निळं दिसलं पाहिजे

भूपेंद्रसरांना कॉम्प्युटरमधलं कितपत कळत होतं ते देव जाणे, पण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचं त्यांना सगळं कळायचं. पुण्यात काही वर्षं काढून ते जळगावात परत आले, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावरचा माळा भाड्यानं घेतला आणि केळी पिकवणाऱ्या चेंबरांसाठी सॉफ्टवेअर करून विकायला लागले. माणसं मोजकी, खुर्च्या त्याहून मोजक्या. त्या माळ्यावर खरं डोकं कुणाचं चालायचं, तर दीपमालाचं. हे सरांना माहीत होतं, म्हणून ते तिला गिऱ्हाइकासमोर फारसं बोलू देत नसत.

दीपमाला पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची पोर. शिकून जळगावात आली, लग्न करून जळगावातच राहिली. नवरा प्रेमराज खासगी क्लासमध्ये गणित शिकवायचा. धाकटा भाऊ समाधान तिच्याच घरी राहायचा आणि असोद्याच्या रस्त्यावर अभिमन आबांच्या रायपनिंग सेंटरमध्ये ऑपरेटर होता. ही नोकरी त्याला बहिणीच्या शब्दावर मिळाली होती, कारण आबा हे भूपेंद्रसरांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. आणि ही नोकरी होती म्हणूनच धुळ्याच्या ज्योतीचं स्थळ त्याला सांगून आलं होतं. मुलीच्या बापाची अट एकच होती, पोरगा महिन्याच्या पगारावर पाहिजे.

आबांच्या सेंटरमध्ये हिरवी केळी थंड खोल्यांमध्ये ठेवून, गॅस सोडून पिकवतात. प्रत्येक चेंबर आपली खबर ऑपरेटरच्या कॉम्प्युटरवर पाठवतं. तापमान इतकं, गॅस इतका, दार बंद, पंखा चालू. ही खबर एका काळ्या खिडकीत ओळीमागून ओळ खालून वर सरकत जाते. कॉम्प्युटरवाले तिला टर्मिनल म्हणतात. ती खिडकी दीपमालानं लिहिली होती. काही बिघडलं की त्या ओळीच्या शेवटी एक लिंक यायची, आणि तिच्यावर क्लिक केलं की त्या चेंबरचा पूर्ण तक्ता उघडायचा.

आता मेख अशी, की काळ्या खिडकीला लिंक म्हणजे काय ते कळत नाही. तिच्या लेखी सगळी अक्षरंच. लिंक कुठं सुरू झाली, कुठं संपली, मागचा पूर्णविराम तिचा की वाक्याचा, एका ओळीत न मावता ती खालच्या ओळीत उतरली का, हे सगळं अक्षरन् अक्षर तपासून शोधावं लागतं. आणि तपासायचं म्हटलं की वेळ जातो. दीपमालानं त्यावर साधा उपाय केला होता. माऊसचा बाण ज्या ओळीवर जाईल तेवढीच ओळ तपासायची, लिंक सापडली तर तेवढीच निळी करायची. बाकीच्या हजारो ओळी नुसत्या वाहू द्यायच्या. खिडकी कितीही ओळी आल्या तरी अडखळत नसे.

पण अभिमन आबांना ते पटलं नाही. त्यांचंही चूक नव्हतं. सेंटरवरची पोरं क्रेट उचलतात, फण्या हाताळतात, हातांना केळीचा चीक लागलेला असतो. अशा हातानं माऊस धरून एकेका ओळीवर फिरवत बसायला कुणाला आवडतं? आबा खिडकीसमोर बसले, पांढऱ्या ओळी बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, यात दाबायचं कुठं ते दिसायला नको? मोबाइलमध्ये कसं निळं दिसतं. निळं दिसलं की माझा पोऱ्या एकदाच दाबेल न् मोकळा होईल."

"होऊन जाईल आबा," भूपेंद्रसर म्हणाले. त्यांचं हे 'होऊन जाईल' त्या माळ्यावर सगळ्यांच्या अंगावर काटा आणायचं.

दीपमालानं मधला मार्ग काढला. पडद्यावर जेवढ्या ओळी दिसतात तेवढ्याच तपासायच्या, त्याही ओळींची धावपळ थांबली की. मग लिंक निळी व्हायची, फक्त डोळ्याची पापणी लवेल इतकी उशिरा. सरांनी ते आबांना दाखवलं. आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे मिचमिच काय करतंय? आधी पांढरं, मग निळं. डोळे दुखतील पोरांचे."

झालं. सरांनी ऑफिसात येऊन फर्मान काढलं, की ओळ पडद्यावर येतानाच निळी होऊन आली पाहिजे. म्हणजे येणारी प्रत्येक ओळ आधी तपासायची, मग दाखवायची.

"सर, एकदम लोंढा आला तर खिडकी मागं पडेल," दीपमाला म्हणाली. "ऑपरेटरला जुन्या ओळी दिसत राहतील आणि त्याला वाटेल आत्ताच्याच आहेत."

"असा लोंढा येतो कधी?"

"लाइट जाऊन आली की. सगळी चेंबरं साठवलेली खबर एकदम पाठवतात. आणि सर, धोक्याची घंटी पण त्या ओळीसोबतच वाजते. ओळ अडकली की घंटी अडकली."

तिनं करूनही दाखवलं. ढीगभर ओळी खिडकीत ओतल्या, आणि खिडकी बिचारी धापा टाकत, सगळं निळं करत करत मागून येत राहिली. सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "दीपमाला, तुम्ही इंजिनिअर लोक नाही तिथं भूत बघता. आबांना निळं पाहिजे. आबांना मिचमिच नको. संपलं." त्या आठवड्यात ती घरूनही फोनवर त्यांच्याशी भांडली. निदान घंटी तरी वेगळी काढू द्या म्हणाली. सर म्हणाले, पुढच्या खेपेला बघू, आता पैसे अडकलेत त्या कामाचे. शेवटी तिनं स्वतःच्या हातानं ते लिहून दिलं. नोकरी करणाऱ्या माणसाला नाही म्हणायचा अधिकार तेवढाच असतो, तोंडापुरता.

आणि काय सांगावं, आबा खूश झाले. काळ्या पडद्यावर निळ्या ओळी झळकायला लागल्या. दुसऱ्या सेंटरवाल्यांना बोलावून आबांनी ते कौतुकानं दाखवलं. सरांना दोन नवी गिऱ्हाइकं मिळाली. दीपमालाची भीती ही त्या माळ्यावर एक थट्टा होऊन बसली. कुणी लोंढा आला का म्हणून विचारायचं, बाकीचे हसायचे, तीही हसायची.

मग आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात माहेरचा सण. दीपमाला गावी गेली. अंगणात घागर पुजली, खापरावर मांडे पडत होते, कडुलिंबाच्या झाडाला झोका बांधला होता आणि ओट्यावर बाप्ये लोक पत्ते घेऊन बसले होते. आखाजीला पत्ते खेळायला कुणाची ना नसते. एरवी पत्त्यांना शिव्या घालणारे म्हातारेही त्या दिवशी डाव मांडतात. समाधान मात्र आला नव्हता. सेंटरवरची बाकीची पोरं सणाला गेली होती आणि त्याला एकट्यालाच खुर्चीवर बसवलं होतं. ऊन असं, की झाडाखालची कुत्रीसुद्धा मान वर करत नव्हती.

आमरसाची वाटी हातात असतानाच सरांचा फोन आला. "आबांकडे चेंबर तीन गेलं. ताबडतोब या. तुमच्या भावानं लक्ष दिलं नाही."

ती पोचली तेव्हा चेंबर तीनचं दार उघडं होतं. आतून उकडल्याचा गोडसर, नकोसा वास येत होता. केळी बाहेरून मळकट हिरवी आणि आतून लिबलिबीत झाली होती. अशी केळी व्यापारी हातात धरत नाही. सकाळीच लाइट गेली होती, परत आली होती, चेंबर तीनचं कूलिंग चालूच झालं नव्हतं. त्याची खबर निघाली, पण बाकीच्या चेंबरांच्या साठलेल्या ओळींमागं रांगेत उभी राहिली. खिडकी एकेक ओळ तपासत होती, निळं करायचं ते निळं करत होती, आणि समाधान तिच्यासमोर बसून 'पंखा चालू, दार बंद' वाचत होता. ते वाचत असताना ते जुनं झालेलं होतं. घंटी वाजली तेव्हा आतली केळी शिजून निघाली होती.

दीपमालाला हे कुणी सांगावं लागलं नाही. दारातून तो वास आला तेव्हाच तिला कळलं.

पण आबांचं ठरलेलं होतं. "आखाजीचा दिवस," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोऱ्या पत्ते कुटत बसला असेल कुठं तरी. मी काय आज आलो का खानदेशात?" त्यांच्या डोक्यात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. आखाजीला जवान पोरगा एकटा खुर्चीवर बसून खिडकी बघेल, हे त्यांना त्यांच्या घरच्या पोरांवरून तरी खरं वाटलं नसतं.

समाधान बाजूच्या नळावर उभा होता. डोळे लाल झाले होते. "ताई, पत्तासले मी हात बी लावा नही. खुर्ची सोडी नही मी. ती घंटीच वाजनी नही व," तो म्हणाला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बोलायचं खूप होतं, पण तिथं सर उभे होते.

सरांनी तिला गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि आधी एसी लावला. मग अगदी मऊ आवाजात बोलले. "हे बघा, मी काही लहान नाही. काय झालं ते मलाही कळलंय. आता तीन गोष्टी होऊ शकतात. तुमच्या भावावर गेलं तर त्याची नोकरी गेली. कंपनीवर गेलं तर आबा गेले, त्यांच्या मागं बाकीचेही गेले, आणि माळ्यावरची सगळी घरी बसली. नाहीतर एका माणसाची चूक. एका प्रोग्रॅमरनं घाईत काही तरी चुकीचं लिहिलं, कंपनीनं तिला काढलं, विषय संपला. आबांचा राग शांत होईल आणि समाधानच्या केसाला धक्का लागणार नाही. ते मी बघतो."

"पण सर, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं ना. मग लिहिलं कोणी?"

तिला त्या क्षणी सरांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मनातून तर तिनं दिलीच. प्रत्यक्षात ती गाडीचं दार उघडून उतरली आणि रिक्षा करून घरी गेली.

घरी आई आली होती. समाधानवर आळ आल्याचं द्रौपदाबाईंना गावात कुणीतरी फोनवर सांगितलं होतं आणि त्या मिळेल त्या गाडीनं, सणाच्या लुगड्यातच निघून आल्या होत्या. दीपमालानं सगळं सांगितलं, आपण काय म्हटलं होतं, सर काय म्हणाले, आता काय म्हणतात. प्रेमराज ऐकून म्हणाला, "सरळ आबांना जाऊन खरं सांग. काय व्हायचं ते होऊ दे." पण द्रौपदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या लेकीचा हात धरून बसल्या.

"माय, तुना नवरा कमावस. तुले काय कमी शे? समाधाननी नोकरी गई का धुळावाला पोर देतीन का? लगीन मोडनं म्हंजे बठ्ठा गावमा बोभाटा व्हई."

"आई, पण माझी चूक नाही. मी नको म्हणत होते."

"व्हय, नही ना तुनी चूक. देवले माहीत शे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आन हाई त्याले सांगू नको. पोऱ्या मनले लाई लेई."

दीपमाला रडली नाही, पण तिला भयंकर राग आला. सरांचा आला, आबांचा आला, आणि सगळ्यात जास्त आईचा आला, कारण आईनं तिचं खरं मानलं होतं आणि तरीही तिची नोकरी मागितली होती. तिच्यावर अविश्वास दाखवला असता तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी आबांच्या ऑफिसात सगळे बसले. समाधान भिंतीला लागून उभा होता. आबांनी त्याच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली तेवढ्यात दीपमाला म्हणाली, "आबा, त्याला काही बोलू नका. तो जाग्यावरच होता. खिडकी मी लिहिलेली आहे, चूक माझी आहे." सर्वांसमोर, खणखणीत आवाजात. भूपेंद्रसरांनी खाली बघून मान हलवली, जणू त्यांना फार वाईट वाटतंय. ती नौटंकी इतकी चांगली होती की आबांनाच त्यांची कीव आली. "जाऊ द्या भूपेंद्रभाऊ," आबा म्हणाले, "माणूस नेमताना कळत नाही." समाधानकडे वळून ते म्हणाले, "तू जा रे, कामाला लाग."

समाधान गेला. जाताना त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही. तिला वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसला असेल, बहिणीनंच आपल्याला खड्ड्यात घातलं म्हणून.

त्यानंतर काही दिवस जळगावात ती दुसरीकडे काम शोधत फिरली. शहर लहान, धंदा त्याहून लहान. ती जाईल तिथं तिच्या आधी बातमी पोचलेली असायची. समोरचा माणूस चहा पाजायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि कळवतो म्हणायचा. मग तिनं जाणं सोडलं आणि प्रेमराजच्या क्लासच्या परीक्षेचे पेपर टाइप करायला लागली. समाधान तिच्याच घरी जेवत होता, तिच्याच हातचा डबा नेत होता. त्यानं कधी विषय काढला नाही, तिनंही काढला नाही. आईला दिलेला शब्द होता.

साखरपुडा धुळ्याला झाला. पावसाळा लागायच्या आत उरकून घेतला. मंगल कार्यालयात पंख्याखालच्या खुर्च्या मानाच्या माणसांनी धरल्या होत्या, त्यात अभिमन आबा होते आणि भूपेंद्रसरही होते. दोघांना टॉवेल-टोपी, नारळ झालं. ज्योतीचा भाऊ कॉम्प्युटरच्या कॉलेजात शिकणारा. तो मोठ्या कौतुकानं नव्या दाजींना विचारत होता, तुमच्या सेंटरवर सगळं कॉम्प्युटरवरच चालतं का.

"सगळं," समाधान म्हणाला. दीपमाला मागं पाहुण्यांना पाणी देत उभी होती. "आधी थोडा प्रॉब्लेम होता. ताईनं केलेलं होतं ना, ते चुकलं होतं. मग सरांनी स्वतः बसून नीट केलं. आता नुसता माऊस नेला की निळं होतं. एकदम हलकं चालतं. सरांचं डोकं म्हणजे डोकं आहे."

आबाही हसले. "आपली पोरं आता हात पुसून माऊस धरतात. सवय लावली मी."

सरांनी तिच्या ट्रेमधला पाण्याचा ग्लास उचलला आणि थँक्यू म्हणाले.

ट्रे तिथंच टेबलावर ठेवून तिनं भावाला खुणेनं जिन्याकडे बोलावलं. आईला दिलेला शब्द गेला चुलीत. तिनं त्याला सगळं सांगितलं, की माऊस नेला की निळं होतं ते पहिल्यापासून तिचंच होतं, सरांनीच ते काढायला लावलं, ती नको नको म्हणत होती, आणि आबांसमोर ती जे बोलली ते त्याच्यासाठी बोलली. घाईघाईत, एका दमात सांगितलं.

समाधान नव्या कोटाच्या बाहीचं बटण चाळवत ऐकत होता. मग म्हणाला, "मले माहीत शे."

"काय?"

"तू घरमा फोनवर भांडी राहिनी व्हती, तवय मी तठेच जेवी राहिनू व्हतू. बठ्ठं ऐकं मी."

म्हणजे त्यानं तेव्हाच सगळं ऐकलं होतं. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकतोय. "मग आत्ता त्या पोरासमोर तसं का बोललास?"

"मंग काय सांगू बठ्ठासले?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मन्हासाठे बहीणनी नोकरी सोडी, आसं सांगू? सासरवाडीमा मनी काय किंमत राही?"

वरून कुणीतरी नवरदेवाला हाक मारली. तो कोट झटकून निघून गेला. जिन्यावर ती एकटीच राहिली. सरांबद्दल तिला राग होता, तो तसाच होता. पण हे जे आत झालं ते रागाच्याही पलीकडचं होतं. ज्याला कळू नये म्हणून तिनं तोंड शिवून घेतलं होतं, त्याला सगळं कळत होतं, आणि रोज संध्याकाळी तो तिच्यासमोर ताट घेऊन बसत होता.

द्रौपदाबाई जिन्याच्या तोंडाशी आल्या. हातात कुंकवाचं तबक होतं, निरांजन लावलेलं होतं. "आठे काय उभी व? चाल, भाऊले ओवाळ. साहेबसलेबी कुंकू लाव."

"मी नाही ओवाळणार, आई."

द्रौपदाबाईंनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय झालं असेल ते त्यांना कळलं, असं दीपमालाला वाटलं. त्या वळल्या आणि चुलत पुतणी कोकिळाच्या हातात तबक देऊन म्हणाल्या, "तूच ओवाळ वं माय. दीपमालानं डोकं दुखी राहिनं."

कोकिळानं ओवाळलं. आधी समाधानला, मग आबांना, मग भूपेंद्रसरांना. फोटोवाल्यानं फोटो काढले आणि जेवणाच्या पंगती बसल्या.